दुलबाशेटचा फुगलेला माल

एका बंदरात दुलबाशेट नावाचा एक व्यापारी राहत होता. त्याच्या देशात जंगलच जंगल, आणि समुद्रापलीकडच्या देशात दात कोरायलाही काडी मिळत नसे. तिकडचे लोक कागद मात्र झकास बनवत. म्हणून शेट लाकडाचा लगदा करी, तो वाळवून, दाबून त्याचे गठ्ठे बांधी आणि तिकडे विकी. माल वजनावर जाई. या धंद्यासाठी त्याने राहते घर विकून नवे गलबत बांधले होते. आता तो आणि त्याची बायको येसूबाई गलबतावरच संसार करत.

इतके सुरळीत चालले असताना माणसाने गप्प बसावे की नाही? पण शेटला अक्कल सुचली. सुका गठ्ठा भिजवला, तर तो फुकटात जड होईल! निघायच्या दिवशी तो गलबतात भरलेल्या गठ्ठ्यांवर स्वतः घागरी ओतू लागला.

"अहो, हे काय करताय?" येसूबाईने विचारले.

"थेंबे थेंबे तळे साचे!" म्हणत शेटने आणखी एक घागर उपडी केली.

भर समुद्रात तळातून करकर आवाज येऊ लागला. गलबत हाकणारा तांडेल धावत वर आला. "शेट, खाली माल फुगतोय!"

"फुगू दे की!" शेट खूश होऊन म्हणाला.

"माल फुगतोय, पण गलबत नाही ना फुगत!"

आता शेटच्या तोंडचे पाणी पळाले. "फेका, माल फेका!" तो ओरडला. पण आत सहज गेलेले गठ्ठे आता माल चढवायच्या तोंडातून बाहेर निघेनात. फळ्यांना फटी पडल्या, फटींतून पाणी शिरले आणि माल आणखीच फुगला. कसेबसे पलीकडचे बंदर गाठले, तर गलबत उथळ पाण्यातच रुतून बसले.

माल घेणारा कागदवाला गुडघाभर पाण्यातून आला. गलबताचे सुटलेले पोट पाहून तो म्हणाला, "शेट, कुठंतरी पाणी मुरतंय."

"कुठंतरी नाही हो, सगळीकडं मुरलंय!" म्हणत शेट चक्क रडू लागला.

तेवढ्यात काडकन आवाज झाला. फळ्या दोन्हीकडे पडल्या आणि बंदरभर लगद्याची पेज झाली. माणसे तेवढी वाचली. येसूबाईने तरंगणारी उशी उचलली, पिळली आणि विचारले, "आज निजायचं कुठं?"



तात्पर्य: जो मालात पाणी घालतो, त्याच्याच नाकातोंडात ते जाते.