पाहुण्याची टोपली

आसरवाडीत पाहुण्याला शाल-नारळ नाही, अंड्यांची टोपली देतात. यंदा गावचा सगळा मका इथेनॉलच्या कारखान्यात गेला, परदेशातून मका आणायला सरकारनं परवानगी दिली नाही, आणि नावानं हाका मारून वाढवलेल्या कोंबड्या अनसूयाकाकूंना खाद्याविना विकाव्या लागल्या.

अशात मंत्री आले. सभेत छाती फुगवून म्हणाले, "आता माझी गाडीसुद्धा तुमच्या मक्यावर पळते!"

काकूंनी टोपली पुढे केली. मंत्र्यांनी फडकं उचललं, तर आत नुसता भुसा.

"काकू, अंडी कुठं आहेत?"

"साहेब, कोंबड्यांचा मका तुमच्या गाडीनं खाल्ला. आता अंडी तिलाच घालायला सांगा."

सभा खदखदून हसली. काकू मात्र घरी आल्या आणि सवयीनं कोंबड्यांना हाक मारून बसल्या. अंगणात काहीच धावत आलं नाही.