पोरीच्या मळ्याचा राखणदार

“पोर माझ्या भावाची, म्हणजे माझीच,” रंभाजी तिसऱ्यांदा म्हणाला. “आणि पोर माझी, तर तिचा पानमळाही मीच बघणार.”

“तुझ्या भावाची असेल, पण माझ्या बहिणीच्या पोटची आहे,” हैबतीमामाने तितक्याच वेळा सुनावलं.

वाघेरीच्या राजेसाहेबांच्या कचेरीत सकाळपासून हेच दळण चाललं होतं. बकुळा सहा वर्षांची. आई बाळंतपणातच गेली, बाप सुभानजी महिन्यापूर्वी तापाने गेला. मागे राहिला दोन बिघ्यांचा हिरवागार पानमळा, आणि त्या मळ्यापायी काका-मामांच्या मायेला असा काही पूर आला, की भांडणाच्या नादात पोरीला जेवू घालायचं दोघांनाही सुचलं नाही. महिनाभर तिला घास भरवला तो धुरपदा बुरडिणीने. पानांच्या करंड्या विणून पोट भरणारी ही बाई पोरीला मांडीवर घेऊन कचेरीच्या दाराशी बसली होती.

शेवटी राजेसाहेब कंटाळले. रीतीप्रमाणे काका हाच पालक, त्यांनी निकाल दिला. पोर सोळा वर्षांची झाली की मळा तिच्या ताब्यात यावा, तोवर रंभाजीने सांभाळावा.

दारातून कुणीतरी फस्सकन हसलं.

कचेरीत बायकांनी तोंड उघडायचं नसतं हे सगळ्या वाघेरीला ठाऊक होतं. धुरपदाला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

“हसायला काय झालं गं?” राजेसाहेबांनी विचारलं.

“सरकार, सोळाव्या वर्षी पोरीच्या हातात सरपण पडेल. काकांचा स्वतःचा मळा पोरीच्या मळ्याला लागून, विहीर एक. चैत्रात पाणी आटलं की पाट आधी कुणाच्या वेलांकडे वळेल?”

मग तिने सगळं उलगडून सांगितलं. पानवेल म्हणजे लाडावलेली सून. दरसाल वेल खाली उतरवून त्याचा बुंधा मातीत पुरावा लागतो, शेंडा पुन्हा वर चढवावा लागतो. एक साल चुकलं तर पान बारीक होतं, दोन सालं चुकली तर मळा जातो. मळा मारायला चोरी करावी लागत नाही. नुसतं ‘उद्या करू’ म्हटलं तरी पुरतं.

राजेसाहेब म्हणाले, त्यात काय, देखरेखीला माणूस नेमू. त्यावर धुरपदाने त्यांना आमराईची आठवण करून दिली. दोन पोरक्या बहिणींच्या आमराईवर सरकारांनी असाच पहारेकरी नेमला होता, पहारेकऱ्यावर तपासनीस, तपासनिसावर कारभारी. आंबे तिघांच्या घरी पिकले आणि पोरींच्या वाट्याला कोयी आल्या. त्या तिघांतले दोघे कचेरीतच बसले होते. ते एकदम आपापल्या पगड्या नीट करू लागले.

राजेसाहेबांचे कान लाल झाले. खरं बोललेलं त्यांना चालत असे, चारचौघांत बोललेलं चालत नसे. त्यांनी ताजा विडा तोंडात घातला.

“निकाल फिरणार नाही. पालक रंभाजीच. पण तुला एवढी अक्कल असेल, तर असा राखणदार दाखव, जो पगार मागत नाही, झोपत नाही, लाच खात नाही आणि दहा वर्षं रंभाजीच्या मानेवरून उतरत नाही. हा विडा तोंडात आहे तोवर वेळ. नाही जमलं, तर पोर याच पावली काकाकडे जाईल, आणि तू पुन्हा तिच्या वाऱ्याला उभी राहायचं नाहीस.”

बकुळाने धुरपदाचा पदर दोन्ही मुठींत धरला. रंभाजी मिशीवरून हात फिरवू लागला. विडा रंगत होता.

धुरपदा उठली ती राजाकडे न जाता रंभाजीपुढे उभी राहिली.

“रंभाजीराव, खरं सांगा. पोरीचा मळा आणि तुमचा मळा, तुमच्या मनात दोन आहेत का हो?”

सगळी कचेरी बघत होती. रंभाजीने छातीवर हात ठेवला. “कुलदैवताची शपथ! तिळाचाही फरक नाही. तिचा तो माझा, माझा तो तिचा.”

“मग सरकार, कारकुनाला सांगा लिहायला. पोर सोळा वर्षांची झाली की दोन्ही मळ्यांतून फिरेल आणि मनाला येईल तो मळा घेईल. उरलेला काकांचा.”

कारकुनाचा बोरू थांबला. रंभाजीचा हातही छातीवरच राहिला. आपल्या वेलांना आधी पाणी द्यावं तर ते वेल पोर घेऊन जाणार, तिचे सुकवावेत तर सुकलेले आपल्याच पदरात पडणार!

“हा घ्या राखणदार,” धुरपदा म्हणाली. “त्यांची स्वतःचीच हाव. तिला ना झोप ना पगार.”

राजेसाहेब असे हसले, की विड्याची पिंक उडाली आणि कारकुनाचा कागद रंगला. त्याला दुसरा घ्यावा लागला. रंभाजी पुटपुटू लागला, की आपला मळा वाडवडिलांचा आहे, आपली प्रकृतीही बरी नसते. राजेसाहेबांनी नुसतं विचारलं, “तिळाचा फरक नाही ना?” आणि शाईची वाटी पुढे सरकवली. त्याने अंगठा उठवला.

“माग बाई, काय हवं ते माग,” राजेसाहेब डोळे पुसत म्हणाले. “लुगडं, दुभती गाय, बिनसाऱ्याची जमीन.”

पण धुरपदा रंभाजीकडे बघत होती. अंगठ्याची शाई पुसता पुसता तो पोरीला न्याहाळत होता. काटकुळे हात, महिनाभराचा खोकला, आणि सोळावं वर्ष अजून दहा वर्षं लांब. हे न्याहाळणं तिने ओळखलं. बाजारात म्हातारी शेळी किती दिवस काढेल, ते माणसं असंच बघतात.

“लुगडं नको, गाय नको,” ती म्हणाली. “बक्षीस म्हणून कागदावर आणखी एक ओळ घाला.”

“कोणती?”

“लिहा सरकार, की सोळा वर्षांच्या आत पोरीचं काही बरंवाईट झालं, तर दोन्हींतला चांगला मळा हैबतीमामा निवडून घेतील. मग हिला नुसती शिंक आली तरी काका वैद्याला खांद्यावर घालून आणतील, आणि मामाने आणलेला लाडू आधी स्वतः खाऊन बघतील.”