लुदियाची अदलाबदल

लुदियाचा फ्रॉक जुन्या पडद्याचा होता. निळ्या पडद्यावर पांढरे हंस होते आणि त्यातला एक हंस पाठीवर नेमका उलटा शिवला गेला होता. बाबा ती तान्ही असतानाच देवाघरी गेले. आई लोकांच्या गोधड्या शिवायची, त्यावर दोघींची भाकरी व्हायची. कधी पुरती, कधी अर्धी. पण लुदियाला ना फ्रॉकचं दुःख होतं, ना भाकरीचं. तिचं दुःख निराळंच होतं. तिला काही म्हणता काही येत नव्हतं.

आणि हंगामाचा सण तर तोंडावर आलेला. डोंगराच्या कुशीतल्या त्यांच्या चिमुकल्या चर्चमध्ये त्या रविवारी मोठी माणसं शेतातलं पहिलं पीक वेदीपुढे ठेवत आणि मुलं देवाने दिलेला आपापला गुण दाखवत. अनुग्रह ढोलकी वाजवणार होता. सुवार्ता अख्खं स्तोत्र न बघता म्हणणार होती. लुदिया गाऊ लागली की मात्र पाळकसाहेबांच्या कोंबड्यासुद्धा उठून पलीकडे जायच्या. संडे स्कूलच्या मनोरमाबाईंनी वहीत सगळ्यांचे गुण लिहिले आणि लुदियाच्या नावापुढे येऊन त्या थांबल्या.

"आठव गं बाळ," त्या म्हणाल्या. "शनिवारी सांगितलंस तरी चालेल."

लुदिया आठवत बसली. रोज आठवून बघे, रोज काही सापडत नसे.

रोज दुपारी शाळा सुटली की ती शेजारच्या शिमोनआजोबांना चर्चमागच्या बागेत फिरवून आणायची. बाग आजोबांनीच लावलेली, पण चार वर्षांपूर्वी त्यांचे डोळे गेले. "आज काय फुललंय?" ते विचारायचे.

"जास्वंद, आजोबा. लालभडक. सगळ्यांना जीभ काढून दाखवतेय."

"आणि झेंडू?"

"झेंडू पिवळा नाही, नारिंगी पण नाही. गरम पुरणपोळीवर तूप सोडल्यावर ती कशी दिसते, तसा."

आजोबा खुदकन हसायचे. लुदियाला वाटायचं, आजोबांचा स्वभावच हसरा आहे.

शनिवार उजाडला. लुदिया बागेतल्या सीताफळाच्या झाडाखाली बसून मुळूमुळू रडत होती. तेवढ्यात एका इवल्याशा फांदीवर काहीतरी लुकलुकलं. बघते तर करंगळीएवढी परी. अंगात शेवंतीच्या पाकळ्यांचा झगा, पाठीला मोरपंखी पंख आणि केसांत दवाचे चमचमते मणी.

"जय ख्रिस्त, लुदिया," परी म्हणाली. "डोळ्यांचं तळं कशाला केलंस?"

"मला गोड गळा हवाय," लुदिया हुंदके देत म्हणाली. "उद्या सगळ्यांकडे काहीतरी आहे. माझ्याकडेच नाही."

"मिळेल की. पण आधी नीट ऐक. नवा गुण घडवायला मला येत नाही, ते देवाचं काम. मी नुसती अदलाबदल करते. गळा घेतलास तर तुझ्याजवळचा एक गुण मला द्यावा लागेल."

"माझ्याजवळ एकही गुण नाही."

"मग गेला तरी तुला कळायचं नाही," परी गालातल्या गालात हसली. "उद्या उपासनेची शेवटची घंटा होईपर्यंत मन बदललं तर गळा परत दे, तुझा गुण परत घे. एकदा दिलास की गोड गळा पुन्हा मिळायचा नाही, बरं का."

लुदियाने मान डोलावली. परीने तिच्या ओठांना पंख लावला आणि लुदियाच्या गळ्यातून असा सूर निघाला की झाडावरचे बुलबुल गप्प झाले. घरी आईची सुई हातातच राहिली. मनोरमाबाईंनी वहीत मोठ्या अक्षरात 'गाणं' असं लिहिलं. लुदिया त्या दिवशी जमिनीवर चाललीच नाही.

रविवारी चर्च रंगांनी नुसतं फुललं होतं. लुदिया शिमोनआजोबांना हाताला धरून पुढच्या बाकावर घेऊन आली. आजोबा वर्षभर या दिवसाची वाट बघत होते. त्यांनी लावलेल्या झाडाची पहिली सीताफळं आज वेदीपुढे होती.

"सांग गं पोरी, काय काय मांडलंय?"

लुदियाने बघितलं. "फळं आहेत."

"कशी?"

"हिरवी." ती थांबली. पुढे काहीच सुचेना. "पालेभाजी आहे. ती पण हिरवी."

आजोबा वाट बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "असू दे बाळा, दमली असशील." त्यांनी हात मांडीवर घेतले आणि त्यांचा चेहरा विझला. तो असा विझलेला लुदियाने कधी पाहिलाच नव्हता. आजोबा आपोआप हसत नव्हते तर. ते तिच्या सांगण्याला हसत होते.

"लुदिया, तुझं गाणं," मनोरमाबाईंनी हाक मारली.

वेदीपाशी ज्वारीच्या कणसावर परी बसली होती, लुदियाशिवाय कुणालाच न दिसणारी. लुदियाला गायचं होतं. फार फार गायचं होतं. तिने एकदा आईकडे पाहिलं, एकदा आजोबांकडे, आणि कणसाजवळ वाकून पुटपुटली, "घे परत."

तिने खाकरून बघितलं. तोच जुना घोगरा आवाज. मागून कुणीतरी फिसकन हसलं. लुदिया वळली आणि आजोबांकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "आजोबा, तुमची सीताफळं समोरच आहेत. गलेलठ्ठ. एक उकललंय आणि आतल्या गराला हसू आवरत नाहीये. वांगी जांभळी, तेल लावून भांग पाडून बसलेली. ज्वारीचा एकेक दाणा मनोरमाबाईंच्या कुडीतल्या मोत्याएवढा. आणि भोपळा आहे ना, तो पाळकसाहेबांच्या खुर्चीत बसलाय, आणि त्याला उठवायची कुणाची हिंमत नाही."

आजोबा हसू लागले. मग पाळकसाहेब हसले, मग अख्खं चर्च. ज्यांनी ते सगळं स्वतःच्या हाताने मांडलं होतं, ते लोकही माना उंच करकरून बघायला लागले. आईचे डोळे भरून आले. मनोरमाबाईंनी 'गाणं' खोडलं, पेन्सिल हातात धरून थोडा विचार केला आणि लिहिलं, 'दाखवणं'.

घंटा होऊ लागली. परीने पंख उघडले. तिच्याभोवती उजेड फुलला, वाढला, वेदीवर, कणसांवर, लुदियाच्या केसांवर पसरला, आणि त्या उजेडात परी विरघळून गेली.

"आजोबा," लुदिया कुजबुजली, "एक उजेड पडलाय. पण त्याचा रंग मला सांगता येत नाहीये."

"थांब, मी सांगतो," आजोबा म्हणाले. त्यांनी मिटलेले डोळे बरोबर त्या उजेडाकडेच वळवले होते. "सकाळचं ऊन वासराच्या कानातून आरपार जातं ना, तसा गुलाबी आहे. आणि कडेकडेनं बघ..."

लुदिया त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि ऐकू लागली.