धुतल्यावर उरलेली हळद

फार वर्षं झाली, वेळूवाडीच्या ओढ्याला बारमाही पाणी असायचं तेव्हाची ही गोष्ट. वाडीत बयाक्का नावाची सुईण होती. तिला मंत्र येत नव्हते, पण माणसाचा रंग वाचता यायचा, असं म्हणतात.

तिथल्या भागूच्या लेकीचं, तुळसाचं, लग्न ठरलं. पोर पाळीनं बाहेर बसलेली नसेल असा मुहूर्त धरायचा, म्हणून भागूनं महिने आठवून पाहिले. आखाडापासून तुळसा बाजूला बसलीच नव्हती. भागू कुणाला बोलली नाही. देवीपुढं पदर पसरून तिनं लेकीला उपासामागून उपास धरायला लावले. पोर वाळत गेली, पाळी काही आली नाही.

हळदीच्या दिवशी कुजबुज मांडवात पोचलीच. नवरदेवाची आत्या भागूला म्हणाली, "हळदीआधीच ओटी भरली की काय, विहीणबाई?"

वऱ्हाड परत फिरलं असतं, तर तुळसाला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं.

तेवढ्यात बयाक्का उठली. तिनं पोरीच्या उजव्या बरगडीखाली बोटं दाबली, तशी तुळसा कळवळली. मग लावलेली हळद धुवायला सगळ्यांदेखत तिला ओढ्यावर नेऊन बयाक्कानं घागरीमागून घागर ओतली. ओढा पार नदीपर्यंत पिवळा झाला, असं म्हणतात. पाणी पुन्हा नितळ झालं, तरी पोरीचे डोळे पिवळेच.

"ही हळद आपण लावलेली नाही," बयाक्का आत्येला म्हणाली. "हिला कावीळ आहे. बरगडीखालचं काळीज, वैद्य यकृत म्हणतात ते, दुखावलं की अंगाचं सगळं चक्र चुकतं, पाळीसुद्धा." मग भागूकडं वळली. "आणि भागे, देवी उपाशी पोर मागत नाही गं."

लग्न पुढं ढकललं. उपास सुटले. तुळसाला विसावा मिळाला, वेळेवर पेज मिळाली. उसाची पहिली मोळी आत्येनंच धाडली. तुळसाचे डोळे निवळले त्या सकाळी ओढ्याकाठची पिवळी कण्हेर पांढरी फुलली, असं म्हणतात. पुढं एके दिवशी तुळसा हळूच म्हणाली, "आई, आज मी बाजूला बसते." भागूनं घरोघर साखर वाटली. कशाची, ते कुणी विचारलं नाही.

अजून वेळूवाडीत हळद लावण्याआधी नवरीला उन्हात उभी करतात. घरातली थोरली बाई तिची पापणी खाली ओढते आणि म्हणते, "बयाक्का, तूच बघ गं." पोरीची पाळी चुकत राहिली, तर आता तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन रक्त तपासून आणतात. नवस असेल, तर उपास आई धरते. पोरीला आधी जेवू घालतात.