देखण्या वशिंडाचा वळू

जनावरं आपसात मोकळेपणी बोलत, त्या काळची गोष्ट. माणदेशातल्या एका गावात कोश्या नावाचा खिलार वळू होता. वशिंड असं देखणं, की जत्रेत पहिला नंबर ठरलेला. पण त्याच्याकडे आणलेली गाय गाभण राहत नसे. मग गावकरी गाईलाच भाकड ठरवून विकून टाकत.

चांदी गाईला बाजाराकडे न्यायला निघाले, तेव्हा कोश्याला राहवेना. "चांदे, दोष माझ्यात आहे गं. बापाकडूनच आम्हा दोघा भावांत आलाय. त्यालाही आम्ही दोघेच झालो."

"आम्हा गाईंना ते कधीचं ठाऊक आहे," चांदी म्हणाली. "पण माणसं वशिंडच बघतात."

पुढच्या जत्रेत गावानं तसल्याच वशिंडाचा दुसरा वळू पसंत केला. तो कोश्याचा धाकटा भाऊ होता. त्याला बघून कोश्यानं हंबरडा फोडला.

"बघा," गावकरी कौतुकानं म्हणाले, "भाऊ भेटला म्हणून किती खूश झालाय!"