मापात बसला, मातीत नाही

फार फार पूर्वी, आपल्या पणजीची पणजी रांगत होती त्याच्याही आधी, नदीच्या वळणावर एक गाव होतं. जमीन काळीभोर. पावसाळा सरत आला की गाव शाळू पेरायचं, म्हणजे थंडीतली ज्वारी, आणि तिच्याच भाकरीवर पुढचं वर्ष काढायचं.

या गावाची एक खोड होती. घरात दाणा असला की तो खाल्ला जायचा. पेरणीसाठी बाजूला काढलेलं बीसुद्धा पावसाळ्यात हळूच जात्यात जायचं. पाहुणा आला, काढ मूठभर. पोर रडलं, काढ मूठभर. हसू नका, तुमच्या घरी लाडवांचा डबा कसा रिकामा होतो ते आठवा.

म्हणून गावानं आपल्याच हातापासून आपलं बी वाचवायची एक युक्ती काढली होती. सुगी झाली की प्रत्येक घर पेरणीपुरतं बी मडक्यात भरून एका बाईच्या स्वाधीन करायचं. ती बाई त्यात राख आणि कडुनिंबाचा पाला मिसळायची, मडक्याचं तोंड मातीनं लिंपायची आणि पेरणीपर्यंत ते कुणाला उघडू द्यायची नाही. पाटलांनी मागितलं तरी नाही. सगळं गाव तिला बीजमावशी म्हणायचं.

मावशीला स्वतःचं घर नव्हतं. एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरात ती भाड्यानं राहायची. त्या गावात रिवाज असा, की जमीन भाडेकरूनं सारवायची आणि छप्पर मालकानं शाकारायचं. मावशीची जमीन आरशासारखी असायची. छपराचं मात्र विचारू नका.

त्या वर्षी ज्येष्ठातच ती मालकाकडे गेली. तो समोरच्याच घरात राहायचा.

"मालक, आढ्याजवळची कौलं फुटलीत. पाऊस यायच्या आत शाकारून घ्या."

"घेतो की, मावशी. एवढी काय घाई?"

श्रावणात ती पुन्हा गेली. तेव्हा मालक म्हणाला, "आता भर पावसात माणूस वर कसा चढवू? पाऊस उघडू दे."

म्हणजे पाऊस नव्हता तेव्हा घाई नव्हती, आणि पाऊस आला तेव्हा इलाज नव्हता. अशी माणसं त्या काळीही होती बरं का!

मावशीनं गळतीखालची मडकी उचलून कोरड्या भिंतीला लावली. तिला वाटलं, आता भ्यायचं कारण नाही. पण पाणी मोठं लबाड. ते वाशावरून सरकत त्याच भिंतीत शिरलं, आतल्या आत उतरलं आणि मडक्यांच्या बुडाशी मुरलं. वरून सगळं कोरडं ठाक दिसत होतं. मडकं कधी उघडायचं नाही हा मावशीचा नेम, त्यामुळे आतलं तिला कळलंच नाही.

एका सकाळी ती सारवायला बसली, तर एका मडक्याच्या तोंडावरची माती तडकलेली. मग दुसऱ्याची. मग रांगेतल्या सगळ्यांची. आतलं बी भिजून फुगलं होतं, त्याला अंधारातच मोड फुटले होते आणि त्या पांढऱ्या मोडांवर बुरशी चढली होती. मातीत जायच्या आधीच बी उगवून मेलं होतं. दूरच्या कोनाड्यातलं एक लहान मडकं तेवढं वाचलं होतं.

मावशी तिथंच खाली बसली आणि पोटभर रडली. पेरणी तोंडावर आली होती. बी नाही तर पेरा नाही, आणि पेरा नाही तर वर्षभर चूल नाही. गावानं तिच्यावर भरवसा टाकला होता.

डोळे पुसून ती पारावर गेली आणि झालं ते जसंच्या तसं सांगितलं. मग सगळ्यांना घेऊन मालकाच्या दारात उभी राहिली.

"मालक, तुमच्या छपरामुळे गावाचं बी गेलं. ते भरून द्या."

"पाऊस काय मी पाडला? भरपाई हवी असेल तर ढगाकडे माग."

"ढग माझा घरमालक नाही. भाडं मी तुम्हाला देते."

लोक हसले. मालकाला ते लागलं. तो झटकन कोठारात गेला आणि सूप भरून ज्वारी घेऊन आला. दाणा टपोरा, मोत्यासारखा, एकही खडा नाही.

"हे घ्या. जेवढं गेलं तेवढं मापून देतो. वर शीग लावून, माप उतू जाईल असं देतो. मग तर झालं?"

लोकांचे चेहरे खुलले. पण मावशीनं एक दाणा उचलला, नखानं दाबला, दाताखाली धरला आणि परत सुपात टाकला.

"हा नको," ती म्हणाली.

आता गावच तिच्यावर उलटलं. "अगं मावशी, देतोय ते घे ना! दाणा तो दाणा. पेरणी टळली तर काय तुझा हट्ट पेरायचा?" कालपर्यंत मावशी मावशी करणारी माणसं ती. मावशीला फार वाईट वाटलं, पण ती बोलणं गिळून पाटलांकडे गेली.

पाटील म्हातारे होते आणि सावकाश होते. त्यांनी दोघांचं ऐकलं, पान जमवलं, आणि चघळत मालकाला म्हणाले, "दोन फडकी घे. एकात तुझ्या कोठारातली मूठभर ज्वारी बांध, दुसऱ्यात मावशीच्या वाचलेल्या मडक्यातली. दोन्ही तुझ्याच ओट्यावर ठेव आणि तुझ्याच हातानं ओली ठेव. मोड आले की घेऊन ये. माणूस भांडतो, दाणा भांडत नाही."

आणि मग गावानं एक नवल पाहिलं. ज्याला एक कौल बदलायला सवड नव्हती, तो पहाटे उठून फडक्यांवर पाणी शिंपडू लागला. आपल्या फडक्यावर तर तो तांब्याच ओतायचा.

मावशीला हे आपल्या दारातून दिसायचं. गप्प बसली असती तर तीच जिंकली असती. पण तिला राहवलं नाही. ती ओट्यापाशी जाऊन म्हणाली, "मालक, एवढं पाणी घालू नका, दाणा कुजेल. नुसतं दमट ठेवा. आणि उन्हातून आत घ्या."

मालक चकित झाला. "मावशी, मला जिंकवायला निघालीस की काय?"

"तुमचा दाणा जिवंत निघाला तर मी हरेन. पण गावाची पेरणी होईल. मला दुसरं काय हवंय?"

मालकानं हातातला तांब्या खाली ठेवला. त्या दिवसापासून तो बोटांनी पाणी शिंपडू लागला. पुन्हा पुन्हा फडक्याची गाठ सोडून बघायचा. मनातून त्याला खरंच वाटू लागलं, की मोड यावेत.

मावशीच्या फडक्यात मोड आले, टवटवीत, पांढरेशुभ्र. मालकाच्या फडक्यात दाणे फुगले, चिकट झाले आणि आंबूस वास मारू लागले. वर्षानुवर्षं कोठारात पडून, उन्हाळ्यामागून उन्हाळे खाऊन तो दाणा आतून कधीच मेला होता. दिसायला फक्त मोती.

दोन्ही फडकी घेऊन मालक पारावर आला. त्यानं ती पाटलांपुढे उघडली आणि मान खाली घातली. 'हट्ट पेरायचा का' म्हणणारी मंडळीही आता जमिनीकडेच बघत होती.

पाटील म्हणाले, "तुझं माप चोख आहे, बाबा. पण तू भाकरी देतो आहेस, आणि गावाची गेली पेरणी. पेरणी परत आण."

मालकानं बैल जुंपले, बदल्यात द्यायला गाडीत आपली ज्वारी भरली आणि तो नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या गावी गेला. तिथली बी राखणारी म्हातारी चांगली खमकी होती. तिनं त्याच्या गाडीतल्या ज्वारीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बी देईन," ती म्हणाली. "पण ते ठेवणार कुणाच्या घरात?"

"माझ्याच घरात. तिथं आमची मावशी राहते."

"घर गळतं का?"

मालकानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. गावात कुणाला जे त्यानं कबूल केलं नव्हतं, ते या परक्या म्हातारीपुढे त्याच्या तोंडून आलं.

"गळतं," तो म्हणाला. "माझ्याच आळसानं गळतं."

"मग आधी छप्पर कर जा. ओल्या घरात मी लेक देत नाही आणि बी पण देत नाही."

मालक रिकाम्या हातानं परतला. पाऊस नुकता ओसरत होता. तो स्वतः शिडी लावून मावशीच्या छपरावर चढला, कौल न् कौल काढलं, कुजका वासा बदलला आणि छप्पर नव्यानं शाकारलं. खालून मावशी त्याला कौलं देत होती. मग तो पुन्हा वरच्या गावी गेला आणि बी घेऊन आला.

मावशीनं त्यातलं मूठभर आधी फडक्यात बांधलं. मोड आल्यावरच तिनं बाकीचं बी घरोघर वाटलं. पेरणीला उशीर झाला, कणसं त्या वर्षी जरा लहानच राहिली, पण कुणाची चूल विझली नाही. सुगीपर्यंत पीठ कमी पडलं तिथं मालकाची ती मोत्यासारखी ज्वारी उपयोगी आली. भाकरीला ती छान होती.

पुढच्या ज्येष्ठात मावशी कौलांचं सांगायला मालकाच्या घरी गेली, तर तो घरात नव्हता.

"मावशी, वर बघ!" आवाज आला. तो आधीच तिच्या छपरावर बसला होता.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपल्या चुकीनं कुणाचं नुकसान झालं तर गेलं तेवढं मापून दिल्यानं ते भरत नाही, त्याचं जे अडलं ते पुन्हा चालू करून द्यावं लागतं.