कुंभाराच्या अंगणातल्या पाकोळ्या

फार पूर्वी वेणुपुरात सुषेण राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व वेशीजवळच्या एका कुंभाराच्या घरी जन्मले होते. मडकी ते चांगलीच घडवीत, पण नगरात त्यांचं नाव होतं ते अंगणातल्या पाकोळ्यांमुळे.

दर वसंतात डोंगरापलीकडून या जांभळट-काळ्या पाकोळ्या यायच्या. बोधिसत्त्वांनी त्यांच्यासाठी उंच बांबूवरच्या आडव्या काठीला अकरा मडकी टांगली होती. प्रत्येकाला एक भोक, पाखरू आत शिरेल एवढंच. बांबूच्या मध्यावर एक गुळगुळीत घडा उपडा ओवलेला होता, म्हणजे साप चढला तरी तिथून घसरून खाली येई. दर चौथ्या दिवशी दोर सैल करून काठी खाली घ्यायची, किड्यांनी भरलेलं गवत काढायचं आणि कोरडं घालायचं. इतकी उठाठेव कुणी पोटच्या पोरांची करत नाही, असं इंदुला नावाची त्यांची बायको म्हणायची. ते गवत वाळवायची मात्र तीच.

पण पिल्लांच्या पंखांत पिसं भरू लागली की दोराला गाठ बसायची. त्या दिवसांत मडक्यात हात गेला, तर पिल्लं घाबरतात आणि उडता येत नसतानाच उड्या टाकतात. म्हणून शेवटचे आठ दिवस कुणी हात लावायचा नाही, असा त्या घरचा नेम होता.

नेमक्या त्याच दिवसांत सुषेण राजा दारात आला. दुसऱ्या दिवशी परदेशचे पाहुणे येणार होते आणि त्यांना दाखवायला त्याला तो सगळा बांबू राजवाड्यात हवा होता. बोधिसत्त्वांनी सात दिवस मागितले. राजाला नकार ऐकायची सवय नव्हती. मुकाट्याने दे, नाहीतर चाक उचल आणि नगर सोड, असं त्याने बजावलं.

बोधिसत्त्व म्हणाले, “सोडीन, महाराज. पण ही उडून गेल्यावर.”

राजा हसला. त्याने स्वतःच गाठ सोडली, काठी कमरेपर्यंत खाली आणली आणि गुबगुबीत पिल्लू निवडायला एका मडक्यात हात घातला.

झालं! त्या मडक्यातली पिल्लं भरारा बाहेर पडली आणि त्यांचा कालवा ऐकून शेजारच्या मडक्यांतलीही. बावीस जीव धुळीत फडफडू लागले. भिंतीवर मांजर सावध झालं. वर आईबाप आकांत करत घिरट्या घालू लागले. इंदुला टोपली घेऊन धावली. एकवीस पिल्लं हाती लागली. एक दगडावर आपटून मेलं होतं, ते राजाने उचललं. त्याचा चेहरा पार उतरला.

बोधिसत्त्व रागावले नाहीत. त्यांनी पिल्लं परत मडक्यांत ठेवली आणि भोकं चिंध्यांनी झाकली, कारण अंधार झाला की ती निवतात. एका मडक्यापुरती चिंधी कमी पडली.

“महाराज, इथं तळहात ठेवा,” ते म्हणाले. “दाबू नका. नुसता ठेवा.”

राजा दोन घटका तसाच उभा राहिला. आधी आत चोची तळहातावर आपटत होत्या. मग त्या थांबल्या आणि एक ऊबदार अंग येऊन त्याच्या हाताला टेकलं. त्या एवढ्याशा छातीतली धडधड त्याला बोटांत जाणवली. इतकी सेना बाळगणारा राजा, पण त्या धडधडीने त्याचे डोळे भरून आले. पाहुण्यांना काय दाखवायचं, ते तो विसरूनच गेला.

सातव्या दिवशी पहाटे तो पायी आला. एकेक पिल्लू भोकाशी येत होतं, वाकून बघत होतं आणि हवेत झेपावत होतं. आईबाप वरून बोलावत होते. बघता बघता अंगणावरचं आभाळ पाखरांनी भरून गेलं. शेवटचं एक तेवढं अडखळत राहिलं. आत जाई, परत येई. राजाचा हात नकळत वर गेला. मग त्याने दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले आणि श्वास रोखून वाट पाहिली.

पिल्लू गेलं. थेट वर, उन्हात.

भिक्खूंना एवढी गोष्ट सांगून त्यांचे गुरू, शास्ते, थांबले. समोर भिक्खू पुण्णसेन खाली मान घालून बसला होता. नवख्या शिष्यांना ध्यानाचं फळ लवकर मिळावं म्हणून ‘काही साधलं का?’ असं तो त्यांना रोज टोचून विचारी, आणि त्यातला एक अंगावरचं भगवं चीवर टाकून निघून गेला होता. शास्ते म्हणाले, “तेव्हाचा सुषेण राजा म्हणजे आजचा पुण्णसेन. इंदुला म्हणजे इथे रोज भिक्षा वाढणारी उपासिका सोमदत्ता. आणि कुंभार मी होतो. पुण्णसेना, हात मागे बांधायला तू त्या जन्मी शिकला होतास. असा धीर धरण्यालाच क्षांती म्हणतात.”